दुहेरी तळ

नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या नदीवरून जो वारा येतो
त्याला आमच्या आरोयोत नावच नाही.
दोन स्वेटर, वर चामड्याचा कोट,
आणि मी सरपटत शिरतो दुहेरी तळात,
जहाजाच्या पोटाखालच्या त्या पोकळीत
जिथे उभं राहता येत नाही, धड बसताही येत नाही.
वितळल्या लोखंडाचा एक थेंब बाहीतून आत गेला
की सगळे संत मला स्पॅनिशमध्ये आठवतात.

कॅझिमिर सांगतो, मध्ये काही वर्षं इथे नुसतं गवत होतं,
क्रेनच्या रुळांतून पुरुषभर झाडं.
त्याचा बाप टाळं लागलेल्या फाटकाशी रोज यायचा,
डबा उघडायचा, खायचा, घरी जायचा.
मग कायद्यामुळे कामं परत आली.
'कायदा' हा शब्द कॅझिमिर असा उच्चारतो
जसं आमच्याकडची म्हातारी माणसं डॉक्टरचं नाव घेतात.

कायदा सोपा आहे. युनियनच्या हॉलमध्ये चौकटीत टांगलाय:
देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारा माल
देशातच बांधलेल्या जहाजातून जाईल.
मालक इथला, खलाशी इथले, निशाण इथलं.
वाचून छाती फुगते. माझीही फुगली होती.
मग लक्षात आलं, आमचं बेटही त्या देशात मोडतं.
मतदानाला मोडत नाही,
भाड्याला मोडतं.

रविवारी आईचा फोन.
प्रोविदेन्सिया, वय ऐंशी, कान शाबूत.
वादळाला चौदा महिने झाले, छताचे पत्रे आलेले नाहीत,
जॅक्सनव्हिलच्या धक्क्यावर पडलेत म्हणे.
परवा तिकडूनच एक ग्रीक जहाज आलं, अर्धं रिकामं.
"त्यात का नाही घातले?"
"ते आपलं नाही, आई."
"आणि जे आपलं आहे ते कुठंय?"

मग ती वही उघडते. मध्येच चष्मा शोधते.
सिमेंट, तांदूळ, इन्व्हर्टरची बॅटरी,
कशावर किती भाडं चढलं ते वाचून दाखवते,
शाळेत असताना माझे मार्क वाचायची त्याच आवाजात.
मी ऐकतो.
माझा तासाचा दर तिला कधी सांगितलेला नाही.
महिन्याला दीडशे डॉलर पाठवतो.
ते कुठून येतात तिला माहीत आहे,
कुठे जातात मला.

चुलतभाऊ इल्देफोन्सो म्हणतो, कुंपणच शेत खातंय.
ते कॅझिमिरला सांगितलं तर
तो हातमोजे काढत म्हणाला,
"कुंपण काढून बघा एकदा, शेत कुणाचं राहतं ते."
रात्री दोघांचंही पटतं.
साडेपाचला गजर होतो.

काल चौदाव्या टाकीत शेवटची शिवण घातली.
तपासनीस टॉर्च घेऊन आला, बोटानं चाचपली,
काही न बोलता सही केली.
ही शिवण पाणी आत येऊ देणार नाही,
एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. बाकी काही नाही.
तो गेल्यावर खडूनं पोलादावर लिहिलं: प्रोवी.
वर रंग बसेल, मग झाकण,
मग तीस वर्षं काळोख आणि खारं पाणी.

आज ती म्हणाली, चर्चच्या पायऱ्यांवरून
एक भलं मोठं जहाज दिसलं,
न थांबता पुढे निघून गेलं.
"तुझं होतं का रे?"
"नाही. माझं अजून पाण्यात उतरायचंय."
"बरं," ती म्हणाली, "उतरलं की कळव.
तोवर ताडपत्री बदलून घेते."